रानाकाठचे तंबू आणि आपली जागल

कार्तिक सरत आला म्हणजे चंद्रपूरकडील धानाची कापणी आटोपू लागते, हरभरा वर येतो, तुरीस फुले धरतात आणि रात्री लांबतात. ह्याच सुमारास ताडोबाच्या भोवतालच्या गावांत दोन प्रकारची माणसे रानाशेजारी उघड्यावर रात्र काढू लागतात. एक, नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांतून वाघ पाहण्यासाठी आलेला पाहुणा. आणि दुसरा, आपल्या पिकाची जागल करणारा शेतकरी अथवा त्याचा गडी. पहिल्यास वाघ दिसावा अशी इच्छा असते, दुसऱ्यास तो दिसू नये अशी. रान एकच, थंडी एकच, जनावरेही तीच. तथापि पहिल्याच्या मुक्कामाची जी तयारी केली जाते तिचा दशांशही दुसऱ्याच्या वाट्यास येत नाही.

रानालगत जमीन असलेले आमचे कित्येक वाचक अलीकडे असा प्रश्न करू लागले आहेत की, आपल्या शेतात चार तंबू ठोकून हिवाळ्यापुरते पाहुणे ठेवावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रारंभीच देऊन टाकतो. ठेवावेत, परंतु पुरती तयारी झाल्यावाचून ठेवू नयेत, आणि पाहुण्याच्या जिवासाठी जी काळजी घेणे आपणांस आवश्यक वाटते, ती प्रथम आपल्या स्वतःच्या राखणदारासाठी घ्यावी. हे मत आम्ही का धरिले ते पुढे सांगतो.

प्रथम परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान 1955 साली झाले, अंधारीचे अभयारण्य 1986 साली, आणि 1995 साली ह्या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटर असून त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे 1100 चौरस किलोमीटर आहे. ह्या बफर क्षेत्रात गावे आहेत, गावांभोवती शेते आहेत, आणि शेतांतून जाणारे नाले थेट रानातून येतात. 2014 च्या गणनेत साऱ्या महाराष्ट्रात 190 वाघ असल्याचा अंदाज होता. 2022 च्या गणनेत तो आकडा 444 झाला. वाघ वाढले ही देशाच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय. पण गाभ्याची हद्द वाघास कोणी वाचून दाखविलेली नाही. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खावयास चितळ, रोही व रानडुकरे शेतात उतरतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांस खाणाराही येतो. तेव्हा रानाकाठी तंबू ठोकणे म्हणजे जनावराच्या वहिवाटीच्या वाटेवर बिऱ्हाड करणे होय, ही गोष्ट मनाशी पक्की बांधूनच पुढील तयारीस लागावे.

जागेची निवड हे पहिले काम. नाल्याचे पात्र, पाणवठा आणि जुनी पायवाट ह्यांपासून तंबू दूर असावा. कारण वाघ व बिबट हे रात्री झुडपांतून अंग ओरबाडून घेत हिंडण्यापेक्षा मोकळ्या वाटेने व नाल्याच्या वाळूतून चालणे पसंत करितात. सकाळी वाळूत उमटलेले पंजे ज्याने पाहिले आहेत त्यास हे नव्याने सांगावयास नको. तुरीचे उभे पीक, पऱ्हाटी, उंच गवत अगर लँटानाची झुडपे तंबूस लागून असू नयेत. चोहोंकडे निदान पंचवीस-तीस पावले जमीन साफ करून ठेवावी, म्हणजे दडण्यास जागा राहत नाही आणि वणव्याचेही भय कमी होते. शौचकूप तंबूस लागूनच, शक्य तर तंबूच्या आतूनच वाट असलेला असावा. रात्री अंधारात एकटे बाहेर जाणे आणि खाली बसणे हीच सर्वांत धोक्याची वेळ होय. बसलेला अगर वाकलेला मनुष्य मोठ्या मांजरकुळातील जनावरास मनुष्यासारखा दिसत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. विदर्भाचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे, परंतु तेथील हिवाळ्याविषयी शहरच्या पाहुण्याची कल्पना फार अपुरी असते. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूर येथे पारा 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. पहाटे उघड्या गाडीतून रानात जाणाऱ्यास वाऱ्यामुळे ती थंडी अधिकच बोचते. म्हणून तंबू दुहेरी कापडाचा असावा, त्याचे तळकापड भिंतींस शिवलेले असावे, आणि खाली ताडपत्रीवर भाताचा पेंढा पसरून त्यावर सतरंजी घालावी. निजावयास बाज अथवा खाट द्यावी. जमिनीवर अंथरूण कदापि घालू नये. मण्यारीसारखा साप रात्री हिंडतो, त्याच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही, आणि निजलेल्या माणसासच तो बहुधा चावतो. हिवाळ्यात सापांचा वावर कमी असतो, पण मुळीच नसतो असे नाही. खाट आणि गादीखाली नीट खोवलेली मच्छरदाणी हा त्यावर सोपा व स्वस्त उपाय आहे. सकाळी जोडे झटकून मगच पायांत घालावेत, ही सूचना प्रत्येक पाहुण्यास तोंडी द्यावी. नुसती पाटी लावून भागत नाही.

थंडीच्या संबंधात एक इशारा आम्ही विशेष जोर देऊन देतो. बंद तंबूत कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचे घमेले अथवा गॅसवर चालणारे तापयंत्र ठेवू नये. अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास वास नाही, रंग नाही. निजलेला मनुष्य जागा न होताच दगावतो. 2020 च्या जानेवारीत नेपाळातील दामन येथे थंडी घालविण्यासाठी खोलीत तापयंत्र लावून निजलेले केरळातील 8 प्रवासी, त्यांत लहान मुलेही होती, ह्याच कारणाने मृत्यू पावले. वाघाच्या भयाने दार घट्ट लावून आत शेगडी पेटविणारा मनुष्य बाहेरच्या संकटापेक्षा मोठे संकट स्वतः आत घेतो. शेकोटी बाहेर, मोकळ्या जागी असावी. निजण्यापूर्वी ती पाण्याने विझवावी. आणि आत ऊब हवी तर गोधड्या वाढवाव्यात, गरम पाण्याची रबरी पिशवी द्यावी.

तिसरी गोष्ट अन्नाची व पाळीव जनावरांची. तंबूत खाण्याचा पदार्थ ठेवू नये. उष्टे-खरकटे दूर नेऊन झाकणाच्या पिंपात टाकावे, कारण त्याच्या वासाने रानडुकरे, अस्वले आणि गावची कुत्री जमतात, आणि कुत्र्याच्या मागे बिबट हटकून येतो. राखणीसाठी म्हणून तंबूपाशी कुत्रा बांधणारे गृहस्थ बिबटास आमंत्रणच पाठवितात. शेळ्या, वासरे व कोंबड्या असतील तर त्यांचा गोठा सर्व बाजूंनी जाळीने बंद केलेला, वरून छप्पर असलेला आणि तंबूपासून पुरेसा दूर असावा. लहान मुलांस तिन्हीसांजेनंतर हाताशी धरल्याशिवाय तंबूबाहेर सोडू नये. रात्री कोठेही जाणे झाल्यास दोघांनी मिळून, हाती विजेरी घेऊन, बोलत बोलत जावे. बहुतेक जनावरे माणसाची चाहूल लागताच बाजूस होतात. अस्वलाची दृष्टी अधू असल्याने ते अकस्मात समोर आल्यास मात्र अंगावर येते, म्हणून चाहूल देत चालणे अधिकच जरूर आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि वनखात्यासाठी 1926 हे क्रमांक प्रत्येक तंबूत लिहून लावावे. सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळते त्याची चौकशी हंगामापूर्वीच करून ठेवावी. आणि एक गाडी रात्रभर तयार असावी.

चौथी गोष्ट मोहाची आहे, आणि ती आम्हांस सर्वांत अवघड वाटते. पाहुणा पैसे मोजून येतो, आणि दोन दिवसांत वाघ न दिसला तर हिरमुसतो. अशा वेळी शेतात मांस टाकून, बोकड बांधून अगर रात्री प्रखर दिवे फिरवून त्यास जनावर दाखविण्याचा मोह यजमानास होतो. हे कृत्य 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध तर आहेच. पण कायदा क्षणभर बाजूस ठेविला तरी ते आत्मघाताचे आहे. शेताच्या बांधावर अन्न मिळते असे एकदा शिकलेले जनावर पाहुणा निघून गेल्यावरही येत राहते. पाहुण्याची दोन दिवसांची हौस फिटते, आणि त्याची किंमत पुढील वर्षभर शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया देत राहतात. ज्यास पाहुण्यास ‘नाही’ म्हणता येत नाही त्याने तंबूच्या भानगडीत पडू नये.

येथपर्यंत पाहुण्याची तयारी झाली. आता आपल्या राखणदाराकडे वळू.

वर सांगितलेल्यांपैकी कोणती सोय आपण त्याच्यासाठी करितो? चार काटक्यांची खोपडी, वर फाटकी ताडपत्री, जमिनीवर पेंढा, अंगावर एक चवाळे आणि पायांशी शेकोटी. बहुधा तो एकटाच असतो. डुकरे आली म्हणजे डबा वाजवीत अंधारात पिकात शिरतो. रात्रीच्या पाळीस वीज आली तर पाण्याची दारे फोडावयास वाकून उभा राहतो. आणि वाकलेला मनुष्य जनावरास कसा दिसतो ते आम्ही वर सांगितलेच आहे. शहरच्या पाहुण्यास अशा स्थितीत एक रात्र ठेवावे असे आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मग आपला मुलगा, आपला भाऊ, आपला सालदार ह्यांच्या जिवाचे मोल निराळे आहे काय? आपण असे म्हणत नाही, पण करितो मात्र तसेच.

ह्यावर कोणी म्हणेल की, राखणदारास तंबू आणि खाट देण्यास पैसा कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, जागलीची सुधारणा ही वाटते तितकी खर्चाची नाही. शेताच्या मोकळ्या भागात चार मजबूत खांबांवर पंधरा फूट उंचीचा माळा उभारावा. तो झाडावर नसावा, कारण बिबट झाडावर सहज चढतो. माळ्यास चोहोंकडून जाळी, वर छप्पर, आणि चढण्याच्या जागी आतून लावता येणारी झडप असावी. जागलीस दोघे असावेत. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून एक माळा व पाळी ठरविल्यास खर्च चौथा हिस्सा येतो आणि प्रत्येकास चार रात्रींतून दोनदाच जागावे लागते. डुकरांस हुसकणे ते माळ्यावरून दिवा व आवाज ह्यांनी; रात्री पिकात उतरणे वर्ज्य समजावे. चार क्विंटल हरभरा गेला तर पुढील साली पुन्हा पेरता येतो.

कुंपणाविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. तारेत थेट वीज सोडण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो त्याचा आम्ही तीव्र निषेध करितो. त्याने वाघ मरतात, बिबट मरतात, आणि शेतकऱ्याची स्वतःची गुरे व माणसेही मरतात. आपल्याच तारेस चिकटून मेलेल्या शेतकऱ्याच्या घरी सांत्वनास जाण्याची पाळी कोणावर येऊ नये. सौर कुंपण हा निराळा प्रकार आहे. त्यातील यंत्र तारेत सुमारे एका सेकंदास एक असे अत्यंत अल्पकाळाचे झटके सोडते. त्याने जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र तारेस गवत टेकले की झटक्याचा जोर जातो, म्हणून तारेखालची पट्टी सदैव स्वच्छ ठेवावी लागते. राज्य सरकारच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून रानाकाठच्या गावांस ह्या कामी साहाय्य मिळते. ज्यांनी अद्यापि अर्ज केला नसेल त्यांनी तो करावा.

सरकारपाशी आमचे मागणे मुख्यतः एकच आहे, आणि ते दिवसाच्या विजेचे. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली निघाली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. हेतू उत्तम आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ह्या कामात व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांचा क्रम पहिला असावा. जनावराने मनुष्य मारल्यास वारसांस द्यावयाची रक्कम 2023 साली 25 लाख रुपये करण्यात आली. ही रक्कम आम्ही तुच्छ मानीत नाही. पण मेलेल्याच्या पश्चात मिळणाऱ्या पंचवीस लाखांपेक्षा जिवंतपणी दिवसा मिळणारी आठ तास वीज आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आता पैशाचा विचार. हिवाळ्यात रानाकाठी तंबू ठोकण्याची चाल नवी नव्हे. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे साहेब थंडीचा मोसम धरून दौऱ्यावर निघत. त्यांचे डेरे पडत तेथे गावकऱ्यांस गवत, लाकूड, दूध, कोंबडी पुरवावी लागे आणि वेठही करावी लागे. तंबूतला मनुष्य सुखात आणि तंबूबाहेरचा त्याच्या दिमतीस, असा तो प्रकार होता. आज वेठ गेली आहे. परंतु शेतकऱ्याने आपली रानाकाठची जमीन बाहेरच्या भांडवलवाल्यास विकावी आणि मग त्याच जमिनीवर पाहुण्यांची भांडी घासावयास जावे, हा मार्ग त्याच जुन्या मुक्कामास नेणारा आहे. जमीन विकू नये. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरही देऊ नये. राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारिले असून शेतकऱ्यास स्वतः नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. ग्रामपंचायत व वनखाते ह्यांच्याकडे आगाऊ चौकशी करून, संवेदनशील क्षेत्राचे नियम समजून घेऊन, थोडक्यात आरंभ करावा.

तथापि ह्या उत्पन्नावर संसार टांगू नये. 2012 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम हुकुमाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन बंद झाले ते ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले. 2020 साली साथीमुळे उद्यानांची दारे लागली ती कित्येक महिने उघडली नाहीत. अशा वेळी ज्याच्यापाशी पेरलेले शेत होते तो तरला. कर्ज काढून दहा तंबू उभारण्यापेक्षा गाठीच्या पैशाने दोन उभारावेत. शिवाय मिळकतीचा काही भाग शेजाऱ्यांस पोहोचला पाहिजे. पाहुणा जे चितळ पाहून आनंदतो ते चितळ शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पोसलेले असते. एकाने तंबूचे भाडे घ्यावे आणि दुसऱ्याने पीक गमवावे, ही व्यवस्था फार दिवस टिकणार नाही. त्या दुसऱ्याच्या मनात एके दिवशी विजेची तार येईल, आणि मग वाघही जाईल व पाहुणाही. म्हणून जेथे पाच-सहा शेतकरी तंबू ठेवू इच्छितात तेथे त्यांनी सहकारी पद्धतीने ते ठेवावे, आणि प्रत्येक मुक्कामामागे ठरावीक रक्कम बाजूस काढून तीतून गावच्या जागलीचे माळे, दिवे व कुंपण ह्यांचा खर्च भागवावा. दूध, भाजी, ज्वारी, तांदूळ ही गावातूनच घ्यावी. असे झाले तर वाघ हा गावाचा वैरी न राहता गावाच्या उत्पन्नाचा एक वाटेकरी होईल.

शेवटी एक लहानशी सूचना करून हा लेख पुरा करितो. जो कोणी यंदा तंबू उभारील त्याने पहिला पाहुणा येण्यापूर्वी त्यात स्वतः एक रात्र काढावी. कोठून वारा शिरतो, शौचकूप किती दूर वाटतो, पहाटे तीन वाजता पांघरूण पुरते की नाही, हे त्यास कोणी सांगावे लागणार नाही. आणि त्याच आठवड्यात दुसरी एक रात्र त्याने आपल्या गड्याच्या खोपडीत काढावी. पहिल्या रात्रीनंतर तो तंबूत ज्या दुरुस्त्या करील, त्याहून अधिक दुरुस्त्या दुसऱ्या रात्रीनंतर खोपडीत करील, अशी आमची खात्री आहे. मार्गशीर्ष लागण्यास फार दिवस उरले नाहीत. ज्यांस हे करणे आहे त्यांनी विलंब न लावता करावे.